उत्तर देणारा पाट

मी एक जुना फिरता पाट आहे. अख्ख्या शाळेत माझ्याइतकं कुणी फिरलेलं नाही, आणि तेही जागेवरून न हलता! माझ्या पोटात भंगारातल्या स्कूटरच्या चाकाचा मधला भाग आहे आणि डोक्यावर मोडक्या टेबलाची गोल फळी. तरी मला हसू नका, मित्रांनो.

माझा जन्म एका प्रश्नातून झाला. विज्ञानाच्या बाई शिकवत होत्या, की फिरताना हात जवळ घेतले की वेग वाढतो. वर्गात एक मुलगी होती, सगळे तिला शंकासुर म्हणत. ती म्हणाली, "पण कशावरून, बाई? पुस्तकात लिहिलंय म्हणून?"

बाईंना ते फार लागलं. विकतचं उपकरण शाळेला झेपणारं नव्हतं, म्हणून त्यांनी वेल्डिंगवाल्या काकांकडून मला करून घेतलं. पण पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. शंकासुर बसली, मुलांनी ढकललं आणि मी अर्ध्या फेरीत गपकन थांबलो. वर्ग खो खो हसला. मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "शनिवारी भंगारवाला येतोय. तोवर चाललं तर ठीक, नाहीतर हेही देऊन टाका."

मला रडू यायचं बाकी होतं. बाईंनी काकांना थेट वर्गातच आणलं. काकांनी मला हाताने फिरवून पाहिलं आणि जीभ चावली. "नट मीच फार घट्ट आवळलाय हो! गाडीचं चाक जरा डुललं तरी गिऱ्हाईक लाज काढतं, त्यामुळे हाताला सवयच लागली."

त्यांनी नट जरासा सैल केला, चाकातल्या छर्ऱ्यांना, म्हणजे लोखंडी गोळ्यांना, तेल दिलं. शंकासुर पुन्हा बसली. दोन्ही पसरलेल्या हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. मुलांनी हळूच ढकललं आणि मी संथ फिरू लागलो. तिने बाटल्या छातीशी घेतल्या मात्र, मी असा सुटलो म्हणता!

"अगं आई गं! थांबवा!"

"हात पसर!" बाई ओरडल्या.

तिने हात पसरले आणि मी आपोआप मंदावलो. "बाई, खरंच आहे की!" ती म्हणाली. काका हळूच म्हणाले, "मी बसू का एकदा?"

शनिवारी भंगारवाला आला, तेव्हा माझ्यावर मोठ्या बाई बसल्या होत्या. फिरता फिरताच म्हणाल्या, "आज काही नाही, जा!"

त्याला अकरा वर्षं झाली. आता काचेच्या कपाटात चकचकीत उपकरण आलंय, त्याला कुणी हात लावत नाही. माझ्यावरही धूळ बसते. मित्रांनो, अधूनमधून मला पुसा, थेंबभर तेल द्या. आणि कुणी 'कशावरून?' विचारलं, तर त्याला गप्प करू नका. माझ्यावर बसवा, उत्तर मी देतो.