साहेबाचं पान

कोवळं ऊन आमच्या गिरगावातल्या खोलीत शिरलं की आधी भिंतीवरच्या कोकण किनाऱ्याच्या जुन्या नकाशावर पडतं, आणि त्यामागोमाग बाबांचं बोट रत्नागिरीपासून मालवणपर्यंत हलके सरकत जातं. शिसं बांधलेली दोरी पाण्यात सोडून या समुद्राची खोली मोजणारा, शतकापूर्वीच्या राणीच्या आरमारातला एक इंग्रज अधिकारी म्हणजे बाबांचा साहेब. गोदीत नकाशे सांभाळण्याच्या नोकरीत जुन्या कागदांतून तो त्यांना भेटला आणि आमच्या घरी कायमचा राहायला आला. पोरवयात जहाजावर चढलेला, तापाने फणफणतही खडकांच्या नोंदी करणारा, कप्तानपदासाठी झुरत शेवटी निपुत्रिक मेलेला हा गृहस्थ आम्ही वरणभाताबरोबर इतका गिळला आहे, की त्याच्या हुकलेल्या बढतीचं सुतक मला शाळेपासून आहे. मी कितवीत, हे मात्र बाबांना आईला विचारावं लागे.

दर सर्वपित्रीला ते साहेबाचंही पान वाढायला लावत. त्याला मूलबाळ नाही, मग कोण वाढणार? आई कपाळावर हात मारी आणि वाढी.

यंदा आई गेल्यानंतरची पहिली अविधवा नवमी. अहेवपणी गेलेल्या बायकांच्या या दिवशीही बाबांनी गच्चीवर तिच्या शेजारी साहेबाचं पान मांडलं, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सवाष्णींच्या पंगतीत हा कशाला, असं मी विचारलं. इतकी वर्षं तिच्या हातचं जेवलाय, आज तिच्याबरोबर जेवेल, असं ते शांतपणे म्हणाले.

कावळा आला तो साहेबाची वडी घेऊन उडाला. दुसराही तिथेच बसला. आईच्या पानाकडे कुणी फिरकेना. दुपार कलली, घरात सगळे उपाशी. अशा वेळी गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा पुरी करू, असं मोठ्याने कबूल करायचं, ही आमच्याकडची रीत. मी वैतागून म्हटलं, बोला आता. बाबांनी हात जोडले, ओठ हलवले. मग साहेबाची कारकीर्द घटकाभर न थांबता सांगणाऱ्या या माणसाने माझ्याकडे वळून अगदी लहान आवाजात विचारलं,

"तिला काय हवं होतं गं?"

"हेच. तुम्ही हे तिला विचारायला हवं होतं, बाबा."

ते तसेच हात जोडून उभे राहिले. एका परक्याची हुकलेली बढती काळ शतकभर जपतो आणि जन्मभर शेजारी बसलेली बाई वर्षात विरून जाते, याचा राग तरी कुणावर धरायचा. जे कधी ऐकलंच नाही, ते स्मरणार कुठून?