चार बोटांची रोटी

आमच्या गल्लीत बायका कणीक घरी मळतात, रोट्या थापतात आणि फळीवर मांडून भाजायला भट्टीवर पाठवतात. भट्टी हाजी कुतैबाची, पण रोट्या ओळखायचा मी. प्रत्येक घराची खूण वेगळी. कुणी रोटीवर पाच बोटं दाबतं, कुणी किल्ली, कुणी खजुराची बी. साठ घरांच्या खुणा माझ्या डोक्यात होत्या. हाजीला तर स्वतःच्या घरचीही धड सांगता येत नाही.

साथीआधी भट्टीवर आम्ही चौघं होतो. प्रत्येकाला रोज एक दिरहम आणि त्या दिवशी करपलेल्या रोट्या. बारा वर्षं मी कोळसाच चावला म्हणा ना. मग साथ आली आणि दोन महिन्यांत तिघांना मी खांदा दिला. एकवीस घरांना कुलपं लागली. उरलेल्यांना रोटी लागतच होती, आणि चौघांचं काम माझ्या एकट्याच्या गळ्यात पडलं.

सगळ्या कैरोत कामाला माणूस मिळेना. आमच्या पाणक्यानं नवे जोडे घेतले, गवंडी आठवड्यातून दोनदा मटण खाऊ लागले. मी मात्र करपलेल्या कडा खरवडत बसलेला. एका सकाळी हाजीला सांगून टाकलं, "मालक, उद्यापासून तीन दिरहम. आणि करपलेलं नको."

"मुर्शिद, अल्लानं तुला जिवंत ठेवलं त्याचे आभार मान. वर भाव कसला वाढवतोस?"

"आभार मानतोच की. पण त्यानं माझं पोटही जिवंत ठेवलंय."

हाजी तडक बाजाराच्या अंमलदाराकडे गेला. दुपारी अंमलदाराचा शिपाई छडी हलवत आला आणि त्यानं सगळ्या गल्लीसमोर हुकूम वाचला. मजुरी साथीआधी होती तीच, जास्त मागेल त्याला फटके.

"कबूल," मी म्हणालो. "साथीआधी इथे चौघं होतो. बाकीचे तिघं आणा, जुन्या मजुरीवर उभा राहतो. कुठे पुरलेत ते दाखवतो, चला."

शिपाई हाजीकडे बघायला लागला. मी भट्टीचं लाकडी फावडं हाजीच्या हातात दिलं आणि चालता झालो. भ्यालो होतो, खोटं कशाला सांगू? पण तीन मित्र मातीत घातल्यावर छडीला किती भ्यायचं?

हाजीनं खेड्यातून आलेला एक गडी उभा केला. गडी भाजायला बरा होता, पण खुणा त्याच्या बापालाही कळल्या नसत्या. गल्लीतल्या रशीकच्या आईची तीळ लावलेली रोटी चांभाराकडे गेली. चांभाराची कोंड्याची कधी तिच्याकडे, कधी थेट अंमलदाराच्या घरी, कारण अंमलदाराची फळीही याच भट्टीवर यायची. तिसऱ्या दिवशी बायका भट्टीसमोर जमल्या. सर्वांत पुढे रशीकची आई, साथीत दोन मुलगे गमावलेली. ती आता कुणाला घाबरत नव्हती.

"हाजी, गहू मी देते आणि कोंडा खाते. आम्ही काय तुमच्या कोंबड्या आहोत?"

"बाई, तसा हुकूम आहे."

"मग तो हुकूमच भाजा. मुर्शिद येईपर्यंत आमच्या फळ्या पलीकडच्या भट्टीवर जातील."

अंमलदारानं बहुधा कोंडा चाखला होता, कारण शिपाई पुन्हा फिरकला नाही. संध्याकाळी हाजी माझ्या दारात उभा, नजर जमिनीवर. "तीन," तो म्हणाला.

"आणि करपलेलं?"

"करपलेलं मी खाईन. ये आता."

दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी गव्हाचं पीठ घेतलं. रोटी वेडीवाकडी थापली, तिच्यावर चार बोटं दाबली आणि इतरांच्या रोट्यांबरोबर भट्टीत सरकवली. हाजी वाकून बघत होता.

"ही कुणाच्या घरची रे?"

"आम्हा चौघांची," मी म्हणालो. "जरा बाजूला व्हा मालक, करपेल."