नितळ बोडी

मनकर्णेनं एखादी गोष्ट डोक्यात घेतली की तिला थांबवायची कुणाची बिशाद नव्हती. सावलीजवळच्या तिच्या गावी पंचावन्न सालच्या हिवाळ्यात निरोप आला, की मासळी खात्याचे साहेब बोडीचं पाणी तपासायला येणार. बोडी म्हणजे गावचं लहानसं तळं. दोन वर्षांपूर्वी ती आटली तेव्हा त्यातली मासोळी संपली. पाणी पसंत पडलं तर कलकत्त्याचं मासोळीचं बी, म्हणजे तळ्यात सोडायची इवली पिल्लं, मिळणार आणि तिचा एकुलता एक लटारू इथंच जाळं टाकणार. नाहीतर बायकोला घेऊन बल्लारशाच्या कोळसा खाणीत जाणार.

मनकर्णेनं पदर खोचला. तपासायचं म्हणजे पाणी कसं लख्ख पाहिजे! तिनं म्हशींची वाट काट्यांनी अडवली, गुराख्यांशी भांडली, हिरवा तवंग लुगड्यानं गाळून काढला, निवळीच्या बिया उगाळून घागरी-घागरीनं बोडीत ओतल्या. महिन्याभरानं तळ दिसू लागला आणि पोरगा घरीच राहिला, असं तिला वाटून गेलं.

साहेब आले आणि त्यांनी दोरीला बांधलेली पांढरी थाळी पाण्यात सोडली. ती तळाला टेकली तरी स्वच्छ दिसत होती. मनकर्णेची छाती फुगली. साहेबांचा चेहरा मात्र पडला.

"थाळी हातभर खोलीवर दिसेनाशी व्हायला हवी," ते म्हणाले. "पाण्यातलं हिरवं उन्हावर वाढतं आणि त्याच्यावर मासा वाढतो. इथं पिल्लं उपाशी मरतील. इतकं नितळ कसं झालं हे?"

"माह्या मायनं केलं जी," लटारू बोलून गेला. साहेब खूश होतील तेव्हा अभिमानानं सांगायचं म्हणून त्यानं ते जपून ठेवलं होतं.

"मी उद्याच म्हशी सोडतो जी पाण्यात," मनकर्णा काकुळतीला आली. साहेब काही वाईट नव्हते. पण बी कुठं द्यायचं ते याच फेरीत ठरवायचं होतं, आणि पुढची फेरी वर्षभरानं होती.

लटारू ओरडेल, भांडी आपटेल, असं तिला वाटलं. मग तिलाही रडता आलं असतं. त्यानं जाळं गुंडाळून आढ्याला टांगून ठेवलं. आठवड्यानं तो आणि सून गोकुळा गाठोडी घेऊन निघाले.

"लटारू, बोल ना रे मले काई. शिव्या दे."

लटारूनं गाठोडं खाली ठेवलं.

"माय, सकाळपासून तू काई खाल्लं नाई. गोकुळा, मायले भात वाढ. तिचं जेवण झालं का निघू."

दोघं समोर बसून राहिली, आणि मनकर्णा एकेक शीत उचलून खात राहिली.