करंगळीखालची फट

जोथाम पिंगरीचा उजवा हात म्हणजे फावडंच. वीस वर्षं देवमाशांच्या शिकारीच्या गलबतावर दोर ओढून तो तसा झाला होता. अमेरिकेतल्या मेनच्या किनाऱ्यावरच्या त्या मूठभर ख्रिस्ती मंडळीचा सगळा विश्वास या एका हातावर उभा होता.

झालं होतं असं. अठराशे चव्वेचाळीस सालच्या ऑक्टोबरात प्रभू येशू पुन्हा येणार म्हणून या लोकांनी बटाटे जमिनीतच सोडले, दुकानं फुंकून टाकली, आणि प्रभू काही आला नाही. गावानं टर उडवायची ती उडवलीच. जोथाम मंडळीचा वडील, म्हणजे पुढारी. त्यानं घर विकलं होतं, बायको त्या धक्क्यानं गेली होती. अशात थर्झा लंट नावाची विशीतली पोर, छातीच्या रोगानं काटकुळी झालेली, एका शनिवारी प्रार्थनेत कोसळली. डोळे उघडे, पापणी हलेना. उठली आणि म्हणाली, मला दर्शन झालं, वाट चुकलेली नाही, तो येतोच आहे. मेलेल्या मंडळीत जीव आला. ही पोर नसती तर मी समुद्रात उडी टाकली असती, असं जोथाम उघड सांगायचा.

पण गावाला पुरावा हवा होता. दर्शनात दानिएल संदेष्ट्याचा श्वास राहिला नव्हता, असं शास्त्र सांगतं. मग थर्झाचाही राहता कामा नये. म्हणून दर शनिवारी ती पडली की जोथामनं तिचं नाक चिमटीत धरायचं, तोंडावर तळहात दाबायचा, आणि मंडळीनं चार कडव्यांचं गीत म्हणायचं. पहिल्याच वेळी, दुसऱ्या कडव्याला, त्याच्या हाताखाली तिचे ओठ तडफडले. जोथामनं करंगळी जराशी उचलली. बस्, एवढंच. पोरीला गुदमरू कसं द्यायचं? तेव्हापासून दीड वर्षं तो करंगळी उचलत होता. थर्झाला याचा पत्ता नव्हता. तिला पडल्यावर आपल्या अंगाची शुद्धच नसायची.

मग आला बार्कर गॉवेल. लाकडाच्या गिरणीवरचा गडी, रेड्यासारखा. बायको मंडळीत गेल्यापासून, विश्रामवार पाळायचा म्हणून, शनिवारी त्याच्या घरी चूल पेटत नव्हती, आणि त्याचा राग पोटात होता. सहा जणांना घेऊन, लाथेनं दार मोडून तो आत शिरला. थर्झा तेव्हा पडलेलीच होती.

"चल हो बाजूला, म्हाताऱ्या," तो जोथामला म्हणाला. "आज माझा हात."

जोथाम आडवा आला. दोघांनी त्याला भिंतीवर आपटलं, कुऱ्हाडीचा दांडा गळ्यावर आडवा धरला. गॉवेलनं थर्झाच्या छातीवर गुडघा रोवला आणि तिचं नाकतोंड दाबलं.

"म्हणा की गाणं," तो मंडळीकडे बघून म्हणाला. "घसा बसला का?"

आणि मंडळी गाऊ लागली! त्यांना कसली भीती? देव तारी त्याला कोण मारी. पहिलं कडवं झालं. दुसऱ्याला थर्झाच्या टाचा फळ्यांवर आपटू लागल्या. ओठांच्या कडा निळ्या पडल्या.

"सोड तिला," जोथाम म्हणाला. "ती श्वास घेते. मी फट ठेवत होतो. दर वेळी."

गॉवेलनं हात काढला. थर्झा खोकत, ओकत कुशीवर वळली. गॉवेल इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले. "ऐकलंत ना शहाण्यांनो? तुमचा देव या म्हाताऱ्याच्या करंगळीवर!" जाता जाता त्यानं बायकोला दंडाला धरून फरफटत नेलं.

खरा मार त्यानंतर पडला, आणि तो घरच्यांचा. ज्यांच्यासोबत भाकर मोडली, ज्यांचे पाय धुतले, तेच तुटून पडले. सगळ्यांत पुढे लेव्ही स्टॅकपोल, पिंपं बनवणारा, सरळ आणि कडक माणूस. त्यानं जोथामचा उजवा हात बाकावर ठेवून सरपणाच्या ओंडक्यानं चेचला. तीन बोटं मोडली.

"घाबरून खोटं बोललास तू," लेव्ही धापा टाकत म्हणाला. "पुढच्या शनिवारी माझा हात. बघू दे गावाला."

थर्झा मंगळवारी जोथामच्या खोलीवर आली. गालावर गॉवेलच्या अंगठ्याचा काळा डाग. तिनं त्याच्या बोटांना आधाराला काटक्या बांधल्या, आणि मान वर न करता विचारलं, "जोथामभाऊ, फट होती की नव्हती?"

नव्हती म्हटलं असतं तर ती त्याच्यावर माया करत राहिली असती. पण मग शनिवारी लेव्हीच्या हाताखाली बिनघोर गेली असती.

"होती, पोरी. पहिल्या दिवसापासून."

तिनं फाडकन त्याच्या मुस्काटात मारली. मग तिथंच खाली बसून रडली.

"उद्या सकाळी पोर्टलंडला गलबत जातंय," तो म्हणाला. "माझी बहीण आहे तिथं. जा तू. हात जोडतो."

"म्हणजे माझी परीक्षा कधी झालीच नाही," ती म्हणाली. "मी लोकांना दीड वर्षं काय काय सांगितलं, भाऊ. ते खरं होतं की नाही, हे मला नको का कळायला?"

"मरशील."

"तर मग खोटी होते."

"खोटी नाहीस गं तू. फक्त माणूस आहेस."

"ते तुम्ही ठरवू नका. बरंच ठरवलंत." ती डोळे पुसून उठली, आणि गेली.

शनिवारी खोली गच्च भरली. जोथामला मंडळीतल्या दोन भावांनी मधे घेऊन बसवलं होतं, एकेक हात धरून. थर्झा पडली. लेव्हीनं बाह्या सारल्या आणि हात ठेवला. प्रामाणिक माणसाचा हात. त्याखालून वाऱ्याची झुळूकसुद्धा जाणार नव्हती.

दुसऱ्या कडव्याला टाचा वाजू लागल्या. "आत्मा हलवतोय तिला," कुणीतरी म्हणालं, आणि गाणं चढलं. जोथाम उठला, एकाच्या नाकावर डोकं मारलं, रक्त काढलं. तेव्हा चौघं त्याच्या अंगावर बसले. त्याच्या ओरडण्यावर आवाज चढवून ते गात राहिले.

चौथ्या कडव्याला टाचा थांबल्या होत्या. लेव्हीनं हात काढून तिच्या ओठांपुढे आरसा धरला, सगळ्यांना दाखवला. त्यावर धुकं नव्हतं.

"श्वास नाही," लेव्ही म्हणाला, आणि तो दगडासारखा माणूस हुंदके देऊ लागला. बायका गुडघ्यांवर आल्या. म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले. दोन वर्षांत अशी खुशी त्या खोलीनं पाहिली नव्हती.

"मेली ती," जोथाम जमिनीवरून म्हणाला. "अरे, मारलंत तिला."

"गप्प बसा, भाऊ," लेव्ही आता अगदी मायेनं म्हणाला. "तिला काय दिसतंय ते निवांत पाहू द्या."

आणि मंडळीनं गीत पुन्हा पहिल्या कडव्यापासून धरलं.