जागायचे काम माझे होते

मित्रांनो, माझ्या पाठीवर दोन किल्ल्या आहेत. एक काटे चालवण्याची, दुसरी गजराची. मी एक जुने घड्याळ आहे. माणसांची झोप मोडण्यासाठी माझा जन्म झाला, असा तुमचा समज असेल. तो खोटा आहे. मी आहे या भरवशावर माणसाला गाढ झोपता यावे, यासाठी मला घडवले गेले.

हे मला माझ्या पहिल्या मालकिणीने शिकवले. ती परिचारिका होती. रात्रपाळी करून आली की पडदे ओढायची, मला किल्ली द्यायची आणि भर दुपारी निश्चिंत निजायची. पेंगुळल्या डोळ्यांना औषधाच्या दोन बाटल्या सारख्याच दिसतात, असे ती म्हणे. सव्वीस वर्षे तिने आपली झोप माझ्या हवाली केली आणि मी तिला एकदाही फसवले नाही.

तिची भाची विद्यापीठात शिकायला निघाली, तेव्हा तिने मला पुसून पोरीच्या हाती ठेवले. "निजायचं काम तुझं, जागायचं याचं. अदलाबदल करू नकोस," ती म्हणाली. भाचीने मान डोलावली. मी ते वचन समजलो.

वसतिगृहातले पहिले काही महिने सुखाचे गेले. मग परीक्षा जवळ आली आणि माझा गजर मागे सरकू लागला. सहाचे पाच झाले, पाचाचे साडेतीन. शेवटी नुसत्या वीस-वीस मिनिटांच्या डुलक्या उरल्या. एकच पान ती चारचारदा वाचायची आणि दरवेळी ते तिला नवे वाटायचे. खोलीतली चष्मिष मैत्रीण दहा वाजता पांघरूण ओढायची, म्हणून भाची तिला कुंभकर्णाची बहीण म्हणे.

"अगं, तो जागा असायचा तेव्हा पुरता जागा असायचा," चष्मिष पांघरुणातूनच म्हणायची.

संख्याशास्त्राचा पेपर देऊन भाची खुशीत परतली. सगळे सोडवले होते, तेही वेळेआधी. निकालात मात्र ती नापास. उत्तरपत्रिका पाहून आली आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिली. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिने दोनदा लिहिले होते. शब्दन्‌शब्द तेच, दुसऱ्यांदा पाचव्याच्या आकड्याखाली. बाकीच्या गणितांत साध्या बेरजा चुकल्या होत्या. "सर म्हणाले, दोन्ही उत्तरं अचूक आहेत," ती मैत्रिणीला म्हणाली. दोघींपैकी कुणालाच हसू आले नाही. फेरपरीक्षेत हा पेपर सुटला नाही, तर तिचे वर्ष जाणार होते.

त्याच संध्याकाळी आत्याचा, म्हणजे माझ्या पहिल्या मालकिणीचा, फोन आला. तिने निकालाबरोबर माझीही चौकशी केली असावी. भाची म्हणाली, "ऐन वेळी दगा देतं गं ते, आत्या."

मी तिच्या हातभर अंतरावर टिकटिकत होतो. एका मिनिटाचाही फरक नव्हता. तिने मला उचलले आणि खणात ढकलले. तिथे, जुन्या वह्यांच्या अंधारात, माझी किल्ली उतरली आणि काटे थांबले.

आज तिने खण उघडला. उद्या फेरपरीक्षा. तिने दोन्ही किल्ल्या दिल्या, काटे जुळवले, गजर सहावर लावला, आणि माझ्या गंजू लागलेल्या स्प्रिंगमध्ये जुना विश्वास पुन्हा ताणला गेला. मग तिने मला भिंतीकडे तोंड करून ठेवले. दिवा तसाच जळत राहिला. पाठीमागे पान उलटल्याचा आवाज आला.

मित्रांनो, मी भिंतीकडे पाहत जागा आहे, ती माझ्या पाठीमागे जागी आहे. एका कामाला दोघे, आणि दुसऱ्याला कोणीच नाही. तुमच्या उशाशी माझ्यासारखे कुणी असेल, तर त्याचे तोंड आपल्याकडे करा, त्याला किल्ली द्या, आणि दिवा मालवा.