दहा फेऱ्या

शितलने गुडघे टेकून फूटपट्टी लावली. गाडी पांढऱ्या रेघेच्या चार बोटं पुढे. सकाळपासूनची ही नववी फेरी, आणि नऊच्या नऊ चुकल्या.

तलासरीच्या त्या गोदामात माल वाहणारी बिनचालकाची गाडी नवी आली होती. तिच्या माथ्यावर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, लेझर फिरत असे. खांबांवर चमकत्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. त्यांच्यावर आपटून परतलेल्या किरणांवरून गाडी आपली जागा ओळखायची. हे गणित जुळवायचं काम शितलने हट्टाने मागून घेतलं होतं. आज लागोपाठ दहा फेऱ्या रेघेवर थांबल्या नाहीत, तर उद्या पुण्याचा इंजिनिअर येणार आणि ती परत पॅकिंगच्या टेबलावर. सायवनच्या पाड्यावरची पोरगी यंत्राला हात लावते, याचं काही जणांना कौतुक कमी आणि पोटदुखीच जास्त.

"राहू दे, पुणेवाल्यांना बोलवू," सुपरवायझर उमेश म्हणाला.

"अजून दिवस आहे, सर."

तिने सातव्या खांबावरची पट्टी तिसऱ्यांदा पुसली, अंतरं नव्याने मोजली, आकडे भरले. मग रेघेशेजारच्या नेहमीच्या जागी उभी राहून डोळ्यांत तेल घालून पाहू लागली. गाडी आली आणि पुन्हा चार बोटं पुढे गेली.

गोदाम झाडणारी नवशी मागेच उभी होती.

"तू जेवाला जाते ना बाय, तवा ती शाणी होते."

"काय?"

"सुट्टीत ती एकलीच फिरते. मी रोज रेघेच्या पुढं झाडू ठेवून मंग जेवाला येते. एकदाबी चेपला नाय."

शितलला हसू येणार होतं, ते अर्ध्यावरच राहिलं. तिने मान खाली घालून स्वतःकडे पाहिलं. सुरक्षेच्या जाकिटावरच्या पट्ट्या छातीवर लखलखत होत्या, अगदी खांबांवरच्यासारख्या. गाडी तिलाच खांब समजत होती.

पुढच्या दहा फेऱ्या तिने शटरबाहेर उभं राहून, श्वास धरून काढल्या. आत नवशी होती. तिला असलं जाकीट कुणी दिलंच नव्हतं. दर फेरीला ती ओरडायची, "रेघेवर!" दहाव्यांदा ओरडली तेव्हा उमेशही आत धावला.

त्याने फॉर्म पुढे केला. 'दोषाचं कारण' या रकान्यात शितलने क्षणभर थांबून स्वतःचं नाव लिहिलं. खाली रकाना होता, 'दोष कोणी शोधला'.

"माझं नाव नको लिवू," नवशी घाबरली. "इचारतील, झाडायचं सोडून काय बघत व्हती."

"विचारू देत. मी आहे ना."

तिने 'नवशी' लिहिलं आणि पेन अडलं. दोन वर्षं दोघी एकाच डब्यातली सुकटाची चटणी खात होत्या.

"नवशीबाय," तिने खालच्या आवाजात विचारलं, "आडनाव काय गं तुझं?"