उत्तर येईपर्यंत

कंपनीने कॅल्क्युलेटरचं जुनंच मॉडेल पुन्हा काढलं होतं. तोच काळा रंग, त्याच बटणांवर त्याच खुणा. जुन्या कॅल्क्युलेटरमधले सेल पाझरून आतलं सगळं सडलं, तेव्हा लेकीने हा नवा तातडीने मागवला आणि बाबांचा प्रोग्रॅम त्यात जसाच्या तसा भरला. हौस म्हणून नव्हे. बाबांची आठवण विझत चालली होती आणि ते तिला ओळखायचे ते फक्त त्या यंत्रापाशी.

बाबांनी जन्मभर रस्त्यांची वळणं आखली. आता जेवलो की नाही हेही त्यांना आठवत नसे, पण बोटं काही विसरली नव्हती. रोज सकाळी टेबलापाशी बसून ते एखाद्या वळणाचे आकडे भरायचे. जुनं यंत्र भलतं सुस्त. पडद्यावर ‘रनिंग’ लुकलुकत राहायचं. तेवढ्या वेळात दुसरं काही करायला नाही म्हणून बाबा मान वर करायचे आणि समोर लेक दिसली की म्हणायचे, “काय गं भिंगरी, चहाचं काय?” एवढ्यावर तिचा दिवस निभायचा.

नव्या यंत्राने घात केला. बटण दाबलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर हजर! बाबा ते बघून लगेच पुढचं वळण घ्यायचे. मान वर करायची वेळच येईना. ती समोर ताटकळत बसायची. हाक मारली तर ते दचकून यंत्र छातीशी धरायचे. मेल्या कंपनीवाल्यांना एवढी घाई करायला सांगितली होती कोणी!

शेवटी ती इरेला पेटली. प्रोग्रॅम लिहायला तिला बाबांनीच शिकवलं होतं. दुपारी ते झोपल्यावर तिने उत्तराच्या आधी एक रिकामी मोजणी घुसवली. यंत्राने आपलं उगाच आकडे मोजत बसायचं, मग उत्तर द्यायचं.

सकाळी बाबांनी आकडे भरले. ‘रनिंग’ लुकलुकायला लागलं. तिचा जीव नुसता टांगणीला लागला. बाबांनी पडद्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि हळूच मान वर केली. तिच्याकडे बघून हसलेसुद्धा.

“बसा हं, बाई,” ते म्हणाले. “याला जरा वेळ लागतो. आमची भिंगरी येईलच एवढ्यात, ती चहा टाकेल.”

“हो, येईल ना,” ती कशीबशी म्हणाली आणि चहा टाकायला उठली.